बैलबाजार ओसरतो, पाळणे मात्र फिरतात!

वणीची रंगनाथ स्वामींची जत्रा म्हटली की आमच्या यवतमाळ जिल्ह्यातील शेतकऱ्याला देवाआधी बैल आठवतो. थकलेली जोडी विकायची, पैशात भर घालून पेरणीआधी नवी घ्यायची. जत्रा देवाच्या नावाने भरत असली तरी तिचा पाया हा व्यवहारच होय, असे आमचे स्पष्ट मत आहे.

स्पेनमधील सेव्हिल शहराची एप्रिल जत्रा आज जगप्रसिद्ध आहे. नाचगाणे, घोडागाड्या, रंगीत मंडप! पण १८४७ साली ती भरली ती गुराढोरांचा बाजार म्हणून. इबारा व बोनाप्लाता या दोन नगरसेवकांनी त्याआधीच्या वर्षी तसा प्रस्ताव मांडला होता. पुढे बाजार गेला, करमणूक उरली. आज तेथील बहुतेक मंडप खासगी आहेत. निमंत्रणाशिवाय आत प्रवेश नाही.

वणीचा बाजारही ओसरतो आहे. ट्रॅक्टर आला, हे एक कारण. दुसरे कारण सरकारनिर्मित आहे. १९७६ च्या राज्य कायद्याने गोहत्येवर बंदी घातली. निकामी बैलाला मात्र प्रमाणपत्र घेऊन कत्तलीची मुभा होती. २०१५ च्या दुरुस्तीने ती वाटही बंद केली. म्हाताऱ्या बैलाला गिऱ्हाईक नाही, मग नव्या जोडीसाठी पैसा आणायचा कोठून? सावकाराकडूनच ना?

संविधानाचे कलम ४८ पुढे केले जाते. पण ते मार्गदर्शक तत्त्व आहे आणि त्याची सुरुवातच शेती व पशुपालन आधुनिक, शास्त्रीय पद्धतीने संघटित करण्यापासून होते. निकामी बैलांवर सरसकट बंदी वाजवी नाही, असे सर्वोच्च न्यायालयानेच १९५८ साली म्हटले होते. २००५ मध्ये न्यायालयाने ती भूमिका बदलली. म्हणजे आता मार्ग विधिमंडळातूनच काढावा लागेल.

यात मरतो कोण? कोरडवाहू दोन एकरवाला बौद्ध, आदिवासी, कुणबी. आणि बाजारावर जगणारा खाटीक, कुरेशी, चर्मकार. बाबासाहेबांच्या आदेशाने आम्ही मेलेली ढोरे ओढणे सोडले. आता थकलेली ढोरे पोसण्याची सक्ती गरिबाच्या गळ्यात मारली जात आहे!

आमची मागणी साधी आहे. प्रमाणपत्राची तरतूद परत आणा, नाहीतर म्हातारा बैल सरकारने रास्त भावाने विकत घ्यावा. मताला येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला शेतकऱ्यांनी हाच प्रश्न विचारावा.