शेजारच्या खोलीचा भाव

कोकण किनाऱ्यावरच्या अनेक गावांत आता घरातल्या दोन-तीन खोल्या पर्यटकांना रोजच्या भाड्याने दिल्या जातात. महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची ‘निवास व न्याहारी’ योजना आहे आणि २००८ साली सॅन फ्रान्सिस्कोत सुरू झालेल्या एअरबीएनबीसारख्या संकेतस्थळांवरही अशा खोल्यांच्या जाहिराती दिसतात. खोली नव्याने सुरू करणाऱ्या कुटुंबापुढे पहिला प्रश्न असतो तो भाव किती ठेवायचा हा. याचे सरळ वाटणारे उत्तर म्हणजे आजूबाजूचे लोक किती घेतात ते पाहावे, सरासरी काढावी आणि तोच आपला भाव. हे उत्तर कुठे फसते ते आपण पाहू. यासाठी लागणारे गणित आठवी-नववीच्या पुस्तकातलेच आहे.

समजा, एका गावात दोन माणसांच्या दहा खोल्या आहेत. डिसेंबरातल्या एका शनिवारचे त्यांचे भाव रुपयांत असे आहेत : १५००, १६००, १८००, १८००, २०००, २२००, २४००, २८००, ३५०० आणि ६०००. बेरीज २५,६०० म्हणून सरासरी २५६०. पण दहापैकी सात खोल्या या सरासरीहून स्वस्त आहेत. एकट्या सहा हजारांच्या खोलीने सरासरी वर ओढली आहे. येथे मध्यक अधिक उपयोगी पडतो. पाचव्या आणि सहाव्या किमतींच्या मधला तो आकडा २१०० येतो.

एवढे बहुतेकांच्या लक्षात येते. खरी गोम पुढे आहे. आपण हे भाव त्या शनिवारच्या आधीच्या गुरुवारी संकेतस्थळावर शोधले, असे समजू. तोपर्यंत १५००, १६००, १८००, १८००, २००० आणि २४०० या सहा खोल्या लागलेल्या असतील, तर त्या तारखेच्या शोधात त्या दिसणारच नाहीत. दिसतील फक्त उरलेल्या चार : २२००, २८००, ३५०० आणि ६०००. त्यांची सरासरी ३६२५, मध्यकसुद्धा ३१५०. प्रत्यक्षात गिऱ्हाईक मिळालेल्या सहा खोल्यांची सरासरी मात्र १८५० आहे. म्हणजे आपण ज्यांना ‘बाजारभाव’ म्हणून वहीत उतरवले ते बाजाराने अद्याप न स्वीकारलेले भाव होते, आणि ते विकल्या गेलेल्या भावाच्या जवळजवळ दुप्पट निघाले. मध्यक घेऊनही ही चूक सुटत नाही, कारण दोष आकडेमोडीत नसून नमुन्यात आहे.

संख्याशास्त्रात या दोषाचे एक प्रसिद्ध उदाहरण आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अब्राहम वाल्ड हे गणिती अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठातील संख्याशास्त्रज्ञांच्या गटात काम करीत होते. परत आलेल्या विमानांवरील गोळ्यांच्या खुणांवरून विमानाचे नाजूक भाग कोणते ते ठरवायचे होते. वाल्ड यांनी न परतलेल्या विमानांचाही हिशेब धरला. परतलेल्या विमानांवर जेथे खुणा कमी दिसतात, तेथे मार बसलेली विमाने कदाचित परतलीच नसतील! (हेच वाल्ड १९५० साली भारतात व्याख्यान दौऱ्यावर असताना निलगिरीच्या डोंगरात विमान अपघातात मरण पावले.) आपल्या उदाहरणात ‘न परतलेली विमाने’ म्हणजे शोधातून नाहीशी झालेल्या खोल्या.

यावर उपाय सोपा पण चिकाटीचा आहे. एकाच तारखेचे भाव दोन महिने आधी, एक महिना आधी, पंधरा दिवस आधी आणि दोन दिवस आधी नोंदवावेत. जी खोली मध्येच दिसेनाशी झाली, तिचा शेवटचा दिसलेला भाव हा विकल्या गेलेल्या भावाचा बरा अंदाज असतो. बराच म्हणायचे, कारण दिसेनाशी झालेली प्रत्येक खोली विकली गेली असेलच असे नाही. गणेशोत्सवात मुंबईहून चाकरमानी येतात तेव्हा अनेक मालक त्या तारखा स्वतःच बंद करतात. घर भरलेले असते, पण घरच्याच माणसांनी! स्थानिक माहिती नसलेला माणूस याला तेजी समजेल.

पुढचा प्रश्न तुलनेचा. एका भावात न्याहारी धरलेली, दुसऱ्यात नाही. एक खोली वातानुकूलित, दुसरी पंख्याची. एक समुद्रापासून हाकेच्या अंतरावर, दुसरीसाठी रिक्षा करावी लागते. अशा वेळी बाकी सर्व सारख्या, पण एकाच बाबतीत वेगळ्या असलेल्या खोल्यांच्या जोड्या शोधाव्यात. भावातला फरक ही त्या एका सोयीची किंमत. १९३९ साली अँड्र्यू कोर्ट यांनी अमेरिकेतील मोटारींच्या किमती अशाच रीतीने त्यांच्या गुणधर्मांत वाटून पाहिल्या होत्या.

शेजाऱ्याचा भाव कळला तरी त्याचा खर्च कळत नाही. समजा, महिन्यात १८०० रुपयांना वीस रात्री किंवा ३००० रुपयांना नऊ रात्री खोली लागते. दर रात्रीचा खर्च (धुलाई, वीज, न्याहारी, मदतनीस) ४०० असेल तर पहिल्या भावात २८,००० आणि दुसऱ्यात २३,४०० उरतात. खर्च ९०० असेल तर १८,००० आणि १८,९००, म्हणजे उत्तर उलटते. कर्ज काढून खोली बांधलेल्या घराला हा फरक जाणवतो, कारण पावसाळ्यात समुद्रावरची जलक्रीडा बंद असते आणि हप्ता चालूच असतो.

सगळेच एकमेकांकडे पाहून भाव ठरवू लागले तर काय होईल, हे वर्गात पाहता येते. दहा विद्यार्थ्यांना वर्तुळात बसवावे. प्रत्येकाने मनाने एक भाव लिहावा. दर फेरीत सर्वांनी एकदम आपला आणि दोन्ही शेजाऱ्यांचा आकडा मिळून सरासरी काढून तो नवा आकडा लिहावा. पंधरा-वीस फेऱ्यांत सर्वांचे आकडे जवळजवळ सारखे होतात, पण दहांची मिळून सरासरी पहिल्या फेरीतली होती तीच राहते. एकाने गंमत म्हणून साठ हजार लिहिले असतील तर तो आकडा सर्वांमध्ये वाटला जातो. एकमत झाले; पर्यटक किती द्यायला तयार आहे, याची माहिती मात्र रतिभरही वाढली नाही.

शेजाऱ्याचा जाहीर भाव पाहणे आणि त्याच्याशी संगनमत करणे यांत कायदा फरक करतो. भारताच्या २००२ च्या स्पर्धा कायद्यानुसार स्पर्धकांनी आपसांत भाव ठरवण्याचा करार स्पर्धेला मारक मानला जातो. अमेरिकेत ऑगस्ट २०२४ मध्ये तेथील न्याय खात्याने रिअलपेज या कंपनीवर खटला दाखल केला. वर्ष-वर्षाच्या भाड्याने घरे देणारे मालक आपली खाजगी माहिती या कंपनीच्या संगणक-प्रणालीला देतात आणि तीच सर्वांना भाडे सुचवते, असा आरोप होता. वर्तुळातल्या दहा विद्यार्थ्यांनी आपले कागद एकाच मॉनिटरकडे दिले तर त्यांचे आकडे किती फेऱ्यांत सारखे होतील, हे विद्यार्थ्यांनीच सांगावे.