चार पायांचा रांजण

नाशिकची मातीची गढी आणि संगमनेरजवळचें जोर्वे गांव येथें १९५०-५१ सालीं डॉ. ह. धी. सांकलिया व डॉ. शां. भा. देव यांनीं उत्खनन केलें. जोर्व्यास तांबड्या अंगावर काळी नक्षी काढलेलीं, उत्तम भाजलेलीं भांडीं निघालीं, आणि तीं वापरणाऱ्या प्राचीन शेतकऱ्यांच्या संस्कृतीस त्याच गांवाचें नांव पडलें. तिचा काळ इसवीसनापूर्वीं सुमारें १४०० ते ७०० मानतात.

या लोकांचें अत्यंत विलक्षण भांडें पुढें घोड नदीकांठच्या इनामगांवीं मिळालें. पुण्याच्या डेक्कन कॉलेजनें तेथें १९६८ ते १९८३ पर्यंत खोदकाम चालविलें. पांच खोल्यांच्या एका घराच्या अंगणांत न भाजलेल्या मातीचा, चार पायांचा, मनुष्यदेहासारख्या फुगीर पोटाचा रांजण आढळला. त्यांत सुमारें चाळीस वर्षांचा पुरुष मांडी घालून बसविलेला होता. एरवीं तेथें प्रौढांस खड्ड्यांत उताणें निजवीत व त्यांचीं पाउलें तोडीत. बालकांस तोंडाला तोंड लावलेल्या दोन भांड्यांत ठेवून घरांतच पुरीत. या पुरुषाचीं पाउलें मात्र शाबूत होतीं. घरास धान्याचें कोठारही होतें. यावरून तो वस्तीचा नायक असावा, असें अनुमान निघालें. तें एकट्या रांजणावरून निघालें नसतें. घर, कोठार व पाउलें यांची साक्ष मिळाली म्हणूनच निघालें.

ही साक्ष नाहींशी झाली म्हणजे काय होतें, तें मेक्सिकोंत दिसतें. तेथील झापोटेक लोक देवतांचीं वा पूर्वजांचीं रूपें असलेलीं मृत्पात्रें थडग्यांत ठेवीत. एकोणिसाव्या शतकापासून संग्राहकांनीं तीं शेंकड्यांनीं परदेशीं नेलीं. कोणतें पात्र कोणत्या थडग्यांतलें, याची नोंद बहुधा राहिली नाहीं. मागणी वाढतांच नकली पात्रें घडूं लागलीं व नामांकित संग्रहालयांत मानानें बसलीं. माती शेवटची केव्हां भाजली हें सांगणारी परीक्षा निघाल्यावर त्यांपैकीं कित्येक अर्वाचीन ठरलीं. उलट, अल्फोन्सो कासो यांनीं १९३१ पासून मॉन्ते आल्बान येथें पद्धतशीर खोदकाम केलें, तेव्हां कुठें पात्रांचा कालक्रम लागूं लागला.

महाराष्ट्रांतही गांवोगांवच्या पांढरीची माती खत म्हणून शेतांत गेली, आणि तिच्याबरोबर कित्येक घरांचा इतिहासही गेला. खापर सांपडलें तर तें उचलून कपाटांत ठेवूं नये. जागचें न हलवितां पुरातत्त्व खात्यास कळवावें. जागेवरून उचललें कीं खापर राहतें, पण त्याची साक्ष जाते.