उष्ण हवामानातील महाविद्यालयीन प्रयोगशाळा आणि ज्वलनशील द्रावकांची सुरक्षित हाताळणी

प्रस्तावना :
रसायनशास्त्र, औषधनिर्माणशास्त्र व वनस्पतिशास्त्र या विषयांच्या प्रयोगशाळांत ईथर, ॲसिटोन, इथेनॉल, हेक्झेन, टोल्युईन ही द्रावके नित्य वापरली जातात. दि. 29 डिसेंबर 2009 रोजी मुंबईतील भाभा अणुसंशोधन केंद्राच्या एका रसायन प्रयोगशाळेस लागलेल्या आगीत दोन तरुण संशोधकांचा मृत्यू झाला. प्रयोगशाळेतील आग राष्ट्रीय दर्जाच्या संस्थेतही प्राणघातक ठरू शकते, हे या घटनेने दाखविले. महाविद्यालयात तर नवशिके विद्यार्थी एकाच वेळी, एकाच दालनात प्रात्यक्षिके करीत असतात. छत्रपती संभाजीनगरसारख्या (पूर्वीचे औरंगाबाद) उष्ण शहराच्या संदर्भात या द्रावकांच्या हाताळणीचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

प्रज्वलन बिंदू व स्थानिक हवामान :
ज्या किमान तापमानास द्रवाच्या पृष्ठभागावरील बाष्प ठिणगीने पेट घेऊ शकते, त्यास प्रज्वलन बिंदू असे म्हणतात. डायएथिल ईथरचा हा बिंदू सुमारे उणे 45, हेक्झेनचा उणे 22, ॲसिटोनचा उणे 20, टोल्युईनचा 4, तर इथेनॉलचा 13 अंश सेल्सिअस आहे. म्हणजेच ही सर्व द्रावके येथे जवळजवळ बारमाही पेट घेण्याच्या अवस्थेत असतात. ईथरचा उत्कलनांक तर केवळ 34.6 अंश आहे. एप्रिल-मे महिन्यांत शहराचे तापमान 40 अंशांपलीकडे जाते. अशा वेळी ईथरच्या बंद बाटलीत दाब वाढतो व बूच उघडताच बाष्पाचा लोट बाहेर पडतो.

हे बाष्प हवेपेक्षा सुमारे अडीचपट जड असते. ते ओट्यावरून व जमिनीलगत पसरत दूरच्या बर्नरपर्यंत पोहोचते आणि ज्योत उलट बाटलीकडे धावते. छताचा पंखा ते बाहेर काढीत नाही, केवळ दालनभर पसरवितो.

संघनकाचा प्रश्न :
ऊर्ध्वपातन व सॉक्सलेट निष्कर्षणात सुरक्षितता संघनकातील पाण्यावर अवलंबून असते. गच्चीवरील टाकीतील पाणी मे महिन्यात 34 अंशांहून अधिक तापले, तर ईथरचे संघनन होतच नाही. ते बाष्परूपाने दालनात येते. पाणी अथवा वीज मध्येच खंडित झाल्यासही हाच धोका उद्भवतो.

उपाययोजना :
1. उन्हाळ्यात ईथरचा वापर शक्यतो टाळावा. अपरिहार्य असल्यास सकाळच्या वेळी व बर्फमिश्रित पाणी संघनकात फिरवूनच करावा.
2. द्रावके उघड्या ज्योतीवर तापवू नयेत; जलऊष्मक वापरावा. संघनकाचे पाणी थांबताच तापविणे तत्काळ बंद करावे.
3. ओट्यावर त्या दिवसापुरतेच द्रावक ठेवावे. साठा उन्हापासून दूर, हवेशीर धातूच्या कपाटात असावा.
4. ईथर घरगुती फ्रीजमध्ये ठेवू नये. त्यातील विद्युत् ठिणगी स्फोटास पुरेशी ठरते.
5. ईथरमध्ये हवेच्या संपर्काने स्फोटक पेरॉक्साइडे तयार होतात. म्हणून बाटली उघडल्याची तारीख तीवर लिहावी.
6. आगीसाठी कार्बन डायऑक्साइड वा कोरड्या भुकटीचे अग्निशामक दाराजवळ असावे. हेक्झेन, टोल्युईन पाण्यावर तरंगतात. पाणी ओतल्यास आग पसरते. सोडियम धातूच्या आगीवर मात्र कोरडी वाळूच टाकावी.
7. सुती ॲप्रन व चष्मा अनिवार्य असावा. उरलेले द्रावक बेसिनमध्ये ओतू नये.

समारोप :
द्रावक तेच असले, तरी त्याची जोखीम ऋतूनुसार बदलते. म्हणून प्रात्यक्षिकांचे वेळापत्रक आखतानाच विभागप्रमुखांनी तापमान, पाणी व वीज यांचा विचार करणे आवश्यक आहे. बाटल्या प्रत्यक्ष हाताळणाऱ्या प्रयोगशाळा परिचरांनाही हे प्रशिक्षण मिळाले पाहिजे. कारण पहिला धोका त्यांनाच असतो.