दोन पोटांची बोट पाण्यात उतरताना

दिवाळे, सारसोळे अशा नवी मुंबईच्या कोळीवाड्यांत पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढून डागडुजी करतात. अशी बोट पुन्हा पाण्यात सोडायला उधाण सोयीचे. मुंबईजवळ अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास भरती-ओहोटीतला फरक सरासरी साडेतीन मीटर असतो. अष्टमीच्या भांगात तो दीड मीटरच भरतो.

कॅटमरान ही दोन पोटांची बोट. तमिळमधील ‘कट्टुमरम’, म्हणजे एकत्र बांधलेली लाकडे, यावरून हा शब्द आला. पोटे एकमेकांपासून दूर असल्याने ती सहसा कलत नाही. मात्र दुरुस्तीत एका पोटाला बारीक भोक राहून गेले तर?

फळ्यावर गणित मांडू या. प्रत्येक पोट १० मीटर लांब, १ मीटर रुंद पेटीसारखे धरू. पाण्याखाली अर्ध्या मीटरवर २ सेंटिमीटर व्यासाचे भोक आहे. टोरिचेलीच्या नियमाने धारेचा वेग सेकंदाला सुमारे ३ मीटर येतो. धार आकसते हे धरले तरी सेकंदाला ०.६ लिटर, म्हणजे अर्ध्या तासात सुमारे एक टन पाणी! आर्किमिडीजच्या तत्त्वानुसार ते पोट सुमारे १० सेंटिमीटर खाली जाईल, दुसरे जवळजवळ तिथेच राहील आणि बोट कलेल.

म्हणून बोट तरंगली तरी लगेच हाकू नये. दोर बांधलेलेच ठेवून दोन्ही पोटे आतून वेगवेगळी तपासावीत. गळती वेळीच सापडली, तर भरती ओसरण्याआधी बोट मागे ओढता येते. उधाणाचे दिवस सरले, तर पंधरवडा थांबणे आले.

विद्यार्थ्यांना विचारा: भोकाचा व्यास दुप्पट असता, तर तेवढेच पाणी किती वेळात शिरले असते?