जोरहाटचा पंडित, सोलापूरचा ग्रंथ

१९४९ साली सोलापुरातून एक जाडजूड इंग्रजी ग्रंथ बाहेर पडला : 'यशस्तिलक अँड इंडियन कल्चर'. लेखक कृष्णकांत हंदिकै, राहणारे आसामातल्या जोरहाटचे. प्रकाशक सोलापूरचा जैन संस्कृति संरक्षक संघ. दहाव्या शतकातल्या दख्खनच्या धर्मजीवनाविषयी, विशेषतः पाशुपत, कापालिक, कौल अशा पंथांविषयी, अभ्यास करणाऱ्याला आजही या ग्रंथापाशी थांबावेच लागते. सोलापूर म्हटले की आपल्याला गिरण्या, चादरी आणि १९३०चा मार्शल लॉ आठवतो. या आठवणींत हा ग्रंथही असायला हवा, असे मला मनापासून वाटते.

हंदिकैंचा जन्म १८९८चा. संस्कृतचे शिक्षण कलकत्त्याला झाले आणि १९२० ते १९२७ ही वर्षे ऑक्सफर्ड, पॅरिस आणि बर्लिन येथे गेली. तिथून परतताना त्यांच्याजवळ ग्रीक, लॅटिन, फ्रेंच, जर्मन, रशियन, इटालियन, स्पॅनिश अशा भाषांचे भांडार होते. १९३० साली ते जोरहाटच्या नव्या महाविद्यालयाचे प्राचार्य झाले आणि १९४८ मध्ये गुवाहाटी विद्यापीठाचे पहिले कुलगुरू. ग्रीक नाटक हा त्यांच्या जिव्हाळ्याचा विषय. त्यातल्या समूहगीतांवर त्यांनी असमिया मासिकांतून लिहिले. युरोपच्या साहित्याविषयी लिहिताना त्यांनी बहुतेक आपल्या मातृभाषेचाच आश्रय घेतला आणि इंग्रजी राखून ठेवली ती संस्कृत-प्राकृत ग्रंथांसाठी. घरच्या वाचकाला जगाची ओळख करून द्यायची आणि जगाला आपल्या घरातले धन दाखवायचे, असा हा दुहेरी व्यवहार होता. आपल्याकडे सोफोक्लीजचे नाटक पु. ल. देशपांड्यांच्या 'राजा ओयदिपौस'मधून १९७९ साली पुस्तकरूपाने आले. असमिया वाचकाशी हंदिकै त्याच्या कितीतरी आधीपासून ग्रीक रंगभूमीविषयी बोलत होते.

हा माणूस सोलापूरशी जोडला गेला तो एका ग्रंथमालेमुळे. सोलापूरचे ब्रह्मचारी जीवराज गौतमचंद दोशी यांनी १९४०च्या सुमारास ठरवले की आपली संपत्ती धर्म आणि समाज यांच्या उन्नतीसाठी लावायची. पैसा नेमका कशावर खर्चावा, हे ठरवण्यासाठी त्यांनी अनेकांची मते घेतली आणि १९४१च्या उन्हाळ्यात नाशिकजवळच्या गजपंथा क्षेत्री विद्वानांची बैठक बोलावली. त्या विचारविनिमयातून जैन संस्कृति संरक्षक संघ उभा राहिला. आरंभी त्यांनी ३०,००० रुपये दिले आणि १९४४ साली जवळजवळ दोन लाखांची आपली सारी मालमत्ता ट्रस्ट करून संघाच्या स्वाधीन केली. दानशूर माणसे सोलापुरात पुष्कळ होऊन गेली. पण मंदिर किंवा धर्मशाळा न बांधता जुन्या पोथ्यांच्या चिकित्सक आवृत्त्यांसाठी सर्वस्व देणारा माणूस विरळा.

हंदिकैंना सोलापूरशी जोडणारी ग्रंथमाला याच संघाची. या जीवराज जैन ग्रंथमालेचे संपादक होते कोल्हापूरचे डॉ. आदिनाथ नेमिनाथ उपाध्ये आणि त्यांचे सहकारी डॉ. हिरालाल जैन. उपाध्ये बेळगाव जिल्ह्यातल्या सदलग्याचे. १९३० पासून तीन दशके त्यांनी कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात अर्धमागधी शिकवली. नाटकांचीही त्यांना ओढ होती. रुद्रदासाचे 'चंद्रलेखा' हे प्राकृत सट्टक त्यांनी १९४५ मध्ये संपादून प्रसिद्ध केले. ग्रंथमालेचा पहिला ग्रंथ 'तिलोयपण्णत्ती'; त्याचा पहिला भाग १९४३ साली, ऐन महायुद्धात, छापून झाला. दुसरा मान हंदिकैंच्या ग्रंथाला मिळाला. पुढे सोलापूरचेच पंडित जिनदास पार्श्वनाथ फडकुले यांनी अनुवादलेले 'पांडवपुराण' १९५४ मध्ये याच मालेत आले. याच जिनदासशास्त्रींचे चिरंजीव म्हणजे संतसाहित्याचे अभ्यासक डॉ. निर्मलकुमार फडकुले.

आता मूळ ग्रंथाकडे वळू. 'यशस्तिलक' हे सोमदेवसूरीचे गद्यपद्यमिश्रित चंपूकाव्य, आठ आश्वासांचे. शके ८८१च्या चैत्रात, म्हणजे इसवी सन ९५९ मध्ये, ते गंगाधारा येथे पूर्ण झाले. हे ठिकाण आजच्या तेलंगणातल्या वेमुलवाडच्या परिसरात येते. तिथले चालुक्य राष्ट्रकूटांचे मांडलिक, आणि राष्ट्रकूटांची राजधानी मान्यखेट, म्हणजे सोलापूरहून गुलबर्ग्याच्या पुढचे मळखेड. सोमदेवाचे नाव मराठवाड्याच्या मातीतही सापडले आहे : परभणीला मिळालेल्या शके ८८८च्या ताम्रपटात त्याला दिलेल्या दानाची नोंद आहे. सोलापूरच्या प्रकाशकाने हे काव्य जवळ केले यात म्हणूनच मला काही नवल वाटत नाही.

कथा भयंकर आहे. उज्जयिनीचा राजा यशोधर रात्री राणी अमृतमतीला एका कुरूप माहुताकडे जाताना पाहतो. तो विरक्त होतो आणि राज्य सोडण्यासाठी आईला वाईट स्वप्नाचे निमित्त सांगतो. आई चंद्रमती म्हणते, देवीला पशूंचा बळी दे. तो नाकारतो. शेवटी तडजोड होते ती पिठाच्या कोंबड्यावर. कोंबडा कापला जातो आणि त्यानंतर राणी पती आणि सासू दोघांनाही विष घालते. मायलेक मोर आणि कुत्रा होऊन जन्मतात आणि मग एकामागून एक पशुयोनींतून फिरत, पुन्हा पुन्हा मारले जात, शेवटी यशोधराच्याच मुलाच्या पोटी जुळी भावंडे म्हणून येतात. ही भावंडे मारिदत्त राजापुढे नरबळीसाठी उभी केली जातात आणि तिथे आपली हकिगत सांगतात.

इथे मला ओयदिपौस आठवल्याशिवाय राहत नाही. त्याने बापाला मारले ते नकळत. मनात तसा हेतू नव्हता, तरी कृत्याचा विटाळ साऱ्या नगराला भोवला. यशोधराचे नेमके उलटे. त्याच्या हातून एकही जीव गेला नाही, कोंबडा पिठाचा होता. पण मारण्याचा संकल्प झाला आणि तेवढा संकल्प जन्मोजन्मी फळला. युरिपिडीजच्या इफिगेनिआच्या कथेत मुलीच्या जागी हरिणी येते आणि मुलगी वाचते. सोमदेवाला अशी अदलाबदल मान्य नाही. जैन तत्त्वज्ञानातली भावहिंसेची कल्पना पानेच्या पाने युक्तिवाद करूनही जी पटणार नाही, ती या पिठाच्या कोंबड्याने पटते. ही तुलना माझी आहे. पण ग्रीक शोकांतिकेत मुरलेल्या हंदिकैंनी आयुष्याची इतकी वर्षे याच काव्याला का दिली असतील, याचा काहीसा उलगडा मला तिच्यात होतो.

काम सोपे नव्हते. निर्णयसागरने १९०१ आणि १९०३ मध्ये काव्यमालेत छापलेली दोन भागांची आवृत्ती हाताशी होती, पण तिच्यातला पाठ ठिकठिकाणी सदोष आणि श्रुतसागराची टीका अपुरी. सोमदेवाची शब्दकळा तर अशी की कोशही हात टेकतात. हंदिकैंनी कथा सांगून हात झटकले नाहीत. राष्ट्रकूटकालीन राजकारण, दरबार, दर्शनांचे वाद, यज्ञावरची जैनांची टीका, अनुप्रेक्षांमधली, म्हणजे वैराग्यपर चिंतनांमधली, धार्मिक कविता आणि सोमदेवाने उद्धृत केलेले किंवा उल्लेखिलेले इतर ग्रंथ हे सगळे त्यांनी एकेका प्रकरणात उलगडले. एका काव्याच्या आधारे एका शतकाचा संसार उभा करण्याची ही रीत मराठी संशोधकांनी अजूनही गिरवण्यासारखी आहे.

महाराष्ट्राशी त्यांचे नाते पुढेही टिकले. श्रीहर्षाच्या 'नैषधचरिता'चा त्यांचा १९३४ सालचा इंग्रजी अनुवाद पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९५६ मध्ये पुन्हा काढला. जीवराजभाई १९५७ साली गेले, उपाध्ये १९७५ साली. १९७६ मध्ये हंदिकैंचा अखेरचा मोठा अनुवाद अहमदाबादहून निघाला. तो होता 'सेतुबंधा'चा, म्हणजे विदर्भातल्या वाकाटक राजा प्रवरसेनाच्या नावावर असलेल्या महाराष्ट्री प्राकृतातल्या काव्याचा. १९८२ साली हंदिकै वारले. त्यांच्या असमिया लेखनाचा 'रचनासंभार' पुढे एकत्र प्रसिद्ध झाला आणि त्याला १९८५चा साहित्य अकादमी पुरस्कार मरणोत्तर मिळाला. सोलापूरच्या ग्रंथाचे मोल तोवर देशोदेशींच्या अभ्यासकांना कळून चुकले होते.