घडा, गाढव आणि सॉफ्टवेअरची पूर्वतयारी

तत्त्वज्ञानाच्या माणसाचा सॉफ्टवेअरशी काय संबंध, असं तुम्हाला वाटलं असेल. पण एखादी गोष्ट घडण्याआधी काय काय असावंच लागतं, हा न्यायदर्शनाचा जुना प्रश्न आहे.

नैयायिक घड्याचं उदाहरण देतात. माती, चाक, दांडा, कुंभार ही सगळी कारणं. मग माती वाहून आणणारं गाढव? तेही आधी होतंच की! पण गाढवाशिवायही माती येऊ शकते, म्हणून ते कारण नव्हे. त्याला म्हणायचं 'अन्यथासिद्ध'. हा शब्द आज लक्षात ठेवा.

आता आपल्याच राज्यातलं उदाहरण घेऊ. मुंबईच्या फ्रॅपे कंपनीनं 'फ्रॅपे फ्रेमवर्क' तयार केली. हिशेब, साठा, खरेदी-विक्री सांभाळणारं 'ईआरपीनेक्स्ट' तिच्यावरच उभं आहे. दोन्ही मुक्त स्रोताची, म्हणजे कोणीही उतरवून घ्यावं, उघडून बघावं. त्यावर काम करायचं तर आधी संगणकावर काय लागतं?

आवृत्ती १५ साठी पायथन ३.१० किंवा पुढचं, कारण मुख्य प्रोग्रॅम त्याच भाषेत आहे. माहिती साठवायला मारियाडीबी. तात्पुरत्या गोष्टी हाताशी ठेवायला आणि कामांची रांग लावायला रेडिस. पडद्यावर दिसणारा भाग बांधायला नोड १८ आणि यार्न. कोड आणायला गिट. हे सगळं जुळवून चालवणारं साधन म्हणजे 'बेंच'. लिनक्स किंवा मॅक असेल तर सरळ. विंडोजवर डब्ल्यूएसएल किंवा डॉकरचा आधार घ्यावा लागतो.

इथे दोन गोष्टी समजून घ्या. पहिली, ३.१० म्हणजे ३.१ नव्हे, बरं का! आवृत्तीचा आकडा दशांश नसतो. ३.९ नंतर ३.१० येतं. ३.९ मोठं समजून तेच ठेवलं, तर गाडी अडते.

दुसरी, मारियाडीबीत अक्षरांची पद्धत 'यूटीएफ८एमबी४' ठेवायची. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. 'नागपूर' लिहायला १८ बाइट. जुनी तीन बाइटांची पद्धत तिथवर पुरते, पण बहुतेक इमोजींना चार लागतात.

मग गाढव कोणतं? महागडा लॅपटॉप, दोन पडदे, अमुकच एडिटर. कोड साध्या एडिटरमध्येही लिहिता येतो. पीडीएफ काढणारं साधनसुद्धा पहिल्या दिवशी नसलं तरी चालतं. बिल छापायची वेळ आली की घाला.

हा भेद मी एवढ्या आग्रहानं का सांगतो? आपल्याकडची कितीतरी मुलं पहिली ओळ लिहिण्याआधीच, इन्स्टॉलेशनच्या पायरीवर थांबतात. 'आपल्याला जमत नाही' असं म्हणतात. काही घरांत तर आधी कर्ज काढून लॅपटॉप येतो. अरे, बुद्धी कमी नसते. यादीतलं एखादं कारण हजर नसतं, इतकंच.

म्हणून एकेक वस्तू घाला, लगेच तिची आवृत्ती विचारा, उत्तर आलं की पुढे जा. लाल अक्षरांत चूक दिसली तर घाबरू नका, ती नीट वाचा. काय सापडत नाही ते बहुधा तिथेच लिहिलेलं असतं. कारणं पुरी झाली की घडा होतोच. गाढव नंतर घेता येईल.