‘रात्रीस खेळ चाले’ पुन्हा बघताना: ‘अंधश्रद्धा पसरते’ हे मोजायचं कसं?

पीएचडीसाठी विषय शोधणाऱ्यांच्या वहीत एक शीर्षक हमखास सापडतं: ‘भयमालिकांचा समाजावर होणारा परिणाम’. ऐकायला भारदस्त आहे, पण काम सुरू केलं की पहिल्याच आठवड्यात हात टेकावे लागतात. का, ते एका ओळखीच्या मालिकेवरून बघू.

‘रात्रीस खेळ चाले’ झी मराठीवर 22 फेब्रुवारी 2016 ला सुरू झाली. सिंधुदुर्गातलं आकेरी गाव, नाईकांचा वाडा, अण्णांचा मृत्यू, आणि मग घरात एकामागून एक विचित्र प्रकार. मालवणी बोली आपल्या अहिराणी कानांना आधी जड गेली, पण पांडूचं ‘इसारलंय’ एरंडोलच्या पोरांच्या तोंडीही बसलं. मालिका सुरू होताच कोकणातून आक्षेप आले. ती अंधश्रद्धा पसरवते आणि कोकणाची बदनामी करते, असं लोकांचं म्हणणं होतं. पुढे 2019 मध्ये दुसरं पर्व आलं, 2021 मध्ये तिसरं.

आता ‘अंधश्रद्धा पसरवते’ हे वाक्य उघडून बघा. मालिकेत काय दाखवलंय हा एक प्रश्न. बघणाऱ्याच्या मनात त्यातलं काय राहतं हा दुसरा. आणि त्या समजुतीपायी तो प्रत्यक्षात काही करतो का, हा तिसरा. मालिका तुम्ही दहा वेळा बघितलीत तरी उत्तर फक्त पहिल्याचंच मिळेल. अनेक प्रस्ताव नेमके इथेच फसतात: अभ्यास पहिल्या प्रश्नाचा आणि निष्कर्ष तिसऱ्याचा.

पहिला प्रश्नही वाटतो तितका सोपा नाही. पहिल्या पर्वात विज्ञाननिष्ठ सून नीलिमा आहे आणि घडणाऱ्या गोष्टींमागे माणूस आहे की आणखी काही, हा संशय बराच काळ लटकत ठेवलाय. दुसरं पर्व मागे जातं. तिथे अण्णा जिवंत आहेत, शेवंता आहे, आणि खरी भीती एका माणसाच्या क्रूरपणाची आहे. माझ्या मते तेच सगळ्यात चांगलं पर्व. तिसऱ्यात मात्र भुतं सरळसरळ वावरतात. मग ‘मालिका’ म्हणताना तुम्ही यातलं कोणतं पर्व मोजणार?

इथे आशय-विश्लेषण कामाला येतं. प्रत्येक भीतीदायक प्रसंगाला एक खूण द्यायची: मालिकेत त्याचा मानवी खुलासा मिळतो की नाही. हे काम दोघांनी वेगवेगळं करायचं आणि मग जुळवून बघायचं. समजा 50 प्रसंगांपैकी 40 वर दोघांचं एकमत झालं. 80 टक्के! खूश होऊ नका. दोघांनीही प्रत्येकी 40 प्रसंगांना ‘खुलासा नाही’ म्हटलं असेल, तर नुसत्या योगायोगानेही 68 टक्के जुळणी अपेक्षित असते (0.8 चा वर्ग अधिक 0.2 चा वर्ग). जेकब कोहेन यांनी 1960 मध्ये मांडलेला कप्पा हा योगायोग वजा करतो: 0.80 मधून 0.68 वजा, भागिले 0.32. उत्तर 0.375. म्हणजे तुमची व्याख्याच अजून ढिली आहे. आधी व्याख्या घट्ट करा, मगच पुढचे प्रसंग मोजायला घ्या.

दुसऱ्या प्रश्नासाठी माणसं लागतात. अमेरिकेत ग्लेन स्पार्क्स आणि सहकाऱ्यांनी 1990 च्या दशकात असे प्रयोग केले. अद्भुत घटनांचा एकच कार्यक्रम वेगवेगळ्या गटांना दाखवायचा, फक्त त्याआधीची सूचना बदलायची, आणि नंतर सगळ्यांच्या समजुती तपासायच्या. आपल्या मालिकांआधी येणारी ‘ही कथा काल्पनिक आहे’ ही पाटी काही काम करते का, हे असं तपासता येतं. एमएच्या प्रबंधाला पुरेल असा हा प्रश्न आहे.

पण ‘विश्वास’ विचारायचा कसा? एरंडोलला लोक महाभारतातली एकचक्रानगरी मानतात आणि बकासुराची गोष्ट पद्मालयाजवळच्या भीमकुंडाशी जोडतात. रंगवून ती गोष्ट सांगणारा माणूस राक्षस खरा मानतोच असं नाही. तुमच्या प्रश्नावलीत ‘तुमचा भुतांवर विश्वास आहे का?’ एवढंच असेल, तर गोष्टीत रमणारा आणि मांत्रिकाकडे जाणारा एकाच खान्यात पडतील. त्यापेक्षा कृती विचारा. घरात आजारपण आलं तेव्हा आधी कोणाकडे गेलात?

हा फरक नुसता पुस्तकी नाही. सातपुड्याच्या पट्ट्यात, धुळे-नंदुरबारकडे, बायकांना डाकीण ठरवून छळल्याच्या घटना घडल्या आहेत. जादूटोणाविरोधी कायदा 2013 मध्ये आला, ही समजूत मात्र टीव्हीच्या कितीतरी आधीची आहे. त्यामागे दवाखान्याचं अंतर आहे, जमिनीचे वाद आहेत, भाऊबंदकी आहे. यातलं काहीच न मोजता ‘मालिका बघणारे जास्त अंधश्रद्ध’ असा सहसंबंध काढलात, तर दोष वाड्यातल्या शेवंतावर जाईल आणि दवाखान्याचा प्रश्न जिथल्या तिथे राहील. शिवाय उलटही शक्य आहे: जे आधीच मानतात, तेच अशी मालिका आवडीने बघत असतील.

हाच विषय घ्यायचा असेल तर सुरुवात छोटी ठेवा. एक पर्व निवडा, त्यातला दर दहावा भाग घ्या, मित्राला सोबत घेऊन 50 प्रसंगांना खुणा द्या आणि कप्पा काढा. तो 0.7 च्या वर जाईपर्यंत प्रश्नावलीला हात लावू नका.